गाडी का थांबली?

त्या कामासाठी माझीच निवड का झाली, हे शेठनी स्वतःच सांगून टाकलं. "वहिनी, तुम्ही तशाही दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असता. त्यात आणखी एक नकाशा उघडा ठेवला म्हणून काय बिघडतंय?"

मी "बरं" म्हटलं. पगार देणाऱ्या माणसाला पहिल्या झटक्यात दुसरं काही म्हणता येत नाही.

डिचोलीच्या बाहेर आमच्या शेठचं गोदाम आहे. बिस्किटं, साबण, चहापावडर, थंड पेयं असा माल तिथे उतरतो आणि डिचोली-पेडण्यातल्या गावागावच्या दुकानांना टेंपोने पोचवला जातो. मी तिथे बिलं करते. चार टेंपो होते, आणि त्यातला एक माझा नवरा चालवायचा. तो माझ्याआधी कितीतरी वर्षं तिथे होता. मुलगी लग्न होऊन गेली, घरात बसून जीव उबगला, तेव्हा त्यानेच शेठकडे माझा शब्द टाकला. नवरा-बायको एकाच ठिकाणी कामाला, सकाळी एकाच स्कूटरवरून जायचं, संध्याकाळी एकाच स्कूटरवरून यायचं. लोकांना कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं.

मग ती काळी डबी आली. प्रत्येक टेंपोच्या स्टिअरिंगखाली एकेक बसवली आणि बसवणाऱ्या माणसाने मला नकाशा दाखवला. गाडी चालत असली की ठिपका हिरवा. इंजिन चालू ठेवून उभी असली की पिवळा. इंजिन बंद करून उभी राहिली की तांबडा. तांबडा ठिपका जरा जास्त वेळ राहिला की कॉम्प्युटर टुंग करून वाजणार. वाजला की मी फोन लावायचा आणि विचारायचं, गाडी का थांबली?

एवढंच असतं तरी मी निभावलं असतं. पण तोच नकाशा शेठच्या मोबाईलवरही होता. शेठ राहतात म्हापशाला, गोदामात येतात जेवणवेळेच्या सुमारास. तोवर ते घरी चहा पीत नकाशा बघत बसायचे. माझ्याकडचं टुंग वाजून संपायच्या आत त्यांचा फोन यायचा.

"वहिनी, मामा तांबडे झाले!"

मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. दोडामार्गच्या पलीकडचे, सिंधुदुर्गातले. आधी खाणीवर ट्रक चालवायचे, खाणी बंद पडल्या तेव्हा इथे आले. वयाने माझ्या वडलांच्या बरोबरीचे नसले तरी धाकट्या काकांसारखे नक्कीच. सगळेच त्यांना मामा म्हणतात. पहिल्याच दिवशी मी त्यांना फोन लावला.

"मामा, गाडी का थांबली?"

"गुरां आडवी इली हत."

मी शेठना तसं सांगितलं. शेठ म्हणाले, "किती गुरं?"

मला वाटलं, ते गंमत करताहेत. नव्हते करत. मी पुन्हा मामांना फोन लावला. "मामा, शेठ विचारतात, किती गुरं आहेत?"

मामा शांतपणे म्हणाले, "मोजून सांगतंय," आणि फोन बंद झाला. त्या दिवशी तो पुन्हा उचलला गेला नाही.

गाडी थांबायला इतकी कारणं असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दुकानदारीण आंघोळीला गेलेली असते. दुकानदार म्हणतो, चहा घे, मग माल उतर. वाटेत प्रेतयात्रा असते. चेकवर सही करणारा मुलगा पंचायतीत गेलेला असतो. एकदा आमचा एक तरुण ड्रायव्हर नुसताच गप्प राहिला. मी दोनतीनदा विचारलं तेव्हा चिडून म्हणाला, "वहिनी, माणूस रस्त्याच्या कडेला कशाला उतरतो?" माझी कानशिलं तापली. शेठना मी सांगितलं, गाडी गरम झाली होती. शेठनी लगेच विचारलं, रेडिएटर बघायला मेकॅनिक पाठवू का?

ड्रायव्हर लोक मला आधी वहिनी म्हणायचे. आता सॅटेलाईट वहिनी म्हणू लागले. तोंडावर नाही, पण गोदामाच्या आवारातलं बोलणं कोणाच्या कानावर येत नाही असं त्यांना वाटत असेल तर ती त्यांची चूक. पूर्वी पेडण्याच्या बाजूने येताना कोणी फणस आणायचा, कोणी काजूची बोंडं. ते बंद झालं. मी मोजणीचा कागद घेऊन आवारात उतरले की चाललेल्या गप्पा तिथल्या तिथे थांबायच्या, आणि मामा टायरला उगाच लाथ मारून बघायचे.

त्यात शेठना कुंपण सापडलं. डबीवाल्याने त्यांना दाखवलं होतं की नकाशावर बोटाने रेघ ओढली आणि गाडी त्या रेघेबाहेर गेली की घंटा वाजते. शेठनी एका दुपारी बसून आख्ख्या गोव्याभोवती रेघ ओढली. मला कौतुकाने दाखवली.

मी म्हटलं, "शेठ, इब्रामपूरला जायचं तर आमच्या गाड्या लाटंबार्शावरून दोडामार्गला जातात. दोडामार्ग महाराष्ट्रात येतं. तिथून बाहेर पडलं की परत गोवा. ती रेघ तुम्ही मध्येच ओढलीत."

"मग गोव्यातून जायचं."

"गोव्यातून म्हणजे असनोडा, कोलवाळ, धारगळ, पेडणे, मग चांदेल, हसापूर आणि शेवटी इब्रामपूर. सगळ्या गोव्याला प्रदक्षिणा."

"गाडी दुसऱ्या राज्यात दिसता कामा नये," शेठ म्हणाले. "उद्या काही झालं तर विमावाला विचारेल, तिकडे काय करत होती?"

इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं, कारण कोणाला दिसतच नव्हतं. पण हे मी मनातच ठेवलं. तेव्हापासून जो माल सकाळच्या सकाळी इब्रामपूरला पोचायचा, तो ऊन डोक्यावर आल्यावर पोचू लागला. मामांचं तर जेवणच गेलं. त्या वाटेला गाडी असली की ते आपल्या घरी थांबून ताटावर बसून जेवायचे. ते घर आता रेघेबाहेर पडलं. ते बसच्या शेडमध्ये डबा खाऊ लागले, आणि माझ्याशी फोनवर "होय" आणि "नाय" याशिवाय काही बोलेनासे झाले.

आता माझ्या नवऱ्याचं सांगते.

सुरुवातीला मी त्याला फोन लावायचे तेव्हा आवाज खाली करून लावायचे. संकोच वाटायचा. आयुष्यात कधी त्याला नावाने हाक मारलेली नाही, आणि इथे चारचौघांत काय म्हणून हाक मारायची? त्यामुळे त्याचा ठिपका तांबडा झाला तर मी थोडं थांबायचे. थांबलं की बहुतेक वेळा तो आपणहून हिरवा व्हायचा. पण हे बाकीच्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. एका सकाळी तरुण ड्रायव्हर माल भरता भरता मोठ्याने म्हणाला, "आम्हाला शिंक आली तरी फोन. घरच्या माणसाला मात्र सगळं माफ."

त्याच दिवशी दुपारी मी आवारात परतलेल्या ड्रायव्हरांसमोर स्पीकर लावून नवऱ्याला फोन केला. "तीन नंबर गाडी, का थांबलात?"

पलीकडून तो म्हणाला, "कोण बोलतंय?"

आवारात जे हसू फुटलं ते मी विसरणार नाही. मी पुन्हा म्हटलं, "ऑफिसमधून बोलतेय. गाडी का थांबली?"

"चाक बघतोय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

घरी जेवताना मी विचारलं, चाकाला काय झालं होतं? त्याने ताटातून मान वर न करता सांगितलं, "ऑफिसातली बाई घरी आणू नकोस." मी आमटीचं भांडं आपटलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडणं पुष्कळ झाली, पण भांडणात तिसरी बाई म्हणून मी स्वतःच उभी राहीन असं कधी वाटलं नव्हतं.

चाक बघण्याचं ठिकाण मात्र दरवेळी एकच असायचं. इब्रामपूरच्या खाली, नदीच्या अंगाला. तिथे आमचं गिऱ्हाईक नाही, दुकान नाही, हॉटेल नाही. त्या बाजूला त्याची फेरी असली की दुपारी ठिपका तिथे जाऊन बसायचा. मी शेठना सांगायचे, "तिथे रेंज नाही शेठ. ठिपका अडकून राहतो. गाडी पुढे गेलेली असते." हे मी खोटं म्हणून सांगत नव्हते, मला खरंच तसं वाटत होतं. हद्दीजवळच्या गावात मोबाईल कधी गोव्याचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्राचा, कधी कुठलाच नाही. मामांचा टेंपोही एकदा नदीच्या मधोमध उभा दिसला होता. शेठ घाबरून ओरडले होते, "वहिनी, गाडी पाण्यात!" आणि मामा तेव्हा पेडण्याच्या बाजारात माल उतरवत होते.

पण शेठनी डबीवाल्याला बोलावून घेतलं. त्याने माझ्याच टेबलावर वाकून, माझ्याच कॉम्प्युटरवर दाखवलं. रेंजचा काही प्रश्न नाही. इंजिन बंद होतं. किल्ली फिरवूनच बंद केलं होतं. दरवेळी, त्याच जागी.

शेठ फक्त म्हणाले, "वहिनी, रेंज नाही म्हणत होतात ना?" ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी इतके दिवस ज्याची बाजू घेऊन घसा कोरडा केला होता, त्याने मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं. आणि एक शंकाही आली, जी कुठल्याही बाईला येईल ती. मी ती येऊ दिली नाही असं म्हणणार नाही.

नवऱ्याच्या पुढच्या फेरीला मी रजा टाकली. डॉक्टरकडे जायचंय म्हणून सांगितलं नाही, नुसतं काम आहे म्हटलं. डिचोलीहून दोडामार्गची बस पकडली, तिथून दुसरी. बसला रेघ नसते, ती सरळ गेली. इब्रामपूरला उतरून मी उन्हातून खाली नदीकडे चालत निघाले आणि वाटेतच झाडाखाली तीन नंबरचा टेंपो दिसला. काचा वर, दार बंद, आत कोणी नाही. मग पंपाचा आवाज आला.

आवाजाच्या दिशेने गेले तर माझा नवरा नुसत्या बनियनवर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात पाण्याचा पाईप. पुढे वाफेच वाफे. माठाची तांबडी भाजी, मुळे, वांगी, मिरची, आणि कडेला मांडवावर वालीचे वेल. बांधावर त्याची आत्या टोपली घेऊन बसलेली. या आत्याला मी लग्नाकार्यात भेटायचे. नवरा केव्हाच वारलेला, मूलबाळ नाही, नदीकाठची ही जमीन बरीच वर्षं पडीक होती एवढं मला माहीत होतं.

तिने मला आधी बघितलं. "गे बाय, तू खयसून इलंस? बस, बस. घाम पूस."

नवरा वळला. त्याचं तोंड मला अजून आठवतं. चोरी पकडलेल्या माणसाचं नव्हतं. कामात कोणी मध्ये आलं की त्रासतो, तसं होतं.

"तू इथे कशी?"

"हे मी विचारायचं की तुम्ही?"

आत्या म्हणाली, "तो दिवाळेपासून येता. माका वाटला, तुका म्हायत आसा."

मला माहीत नव्हतं. दिवाळी होऊन संक्रांतही गेली होती.

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

त्याने पाईप दुसऱ्या वाफ्यात सोडला, मातीचा बांध पायाने दाबला आणि मग म्हणाला, "सांगितलं असतं आणि शेठनी विचारलं असतं, तर तू काय सांगितलं असतंस?"

"जे आहे ते."

"म्हणून नाही सांगितलं. नाहीतर तुला खोटं बोलावं लागलं असतं. ते तुला जमत नाही. तुझी मान लाल होते."

म्हणजे हे सगळं माझ्यासाठी! त्याने मला खोट्यापासून वाचवलं होतं आणि मी त्याबद्दल त्याचे उपकार मानायचे होते. मी आत्यासमोर त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. रेंज नाही, रेंज नाही म्हणून मी कशी तोंडावर पडले ते सांगितलं. मामा माझ्याशी बोलत नाहीत ते सांगितलं. तो पाणी लावत ऐकत राहिला.

"कामाचा वेळ नाही घेत मी," शेवटी तो म्हणाला. "जेवायच्या सुट्टीत येतो. डबा येतानाच खातो, टेंपो चालवताना."

"मी पहाटे उठून केलेला डबा तुम्ही स्टिअरिंगवर खाता?"

"पोळीत भाजी गुंडाळली की होतं."

यावर मला हसू आलं नाही. आत्याला आलं. ती म्हणाली, "भांडा मगे सावकाश. आदी पेज जेवतलंस मगे?" आणि आम्हाला घरात घेऊन गेली. उकड्या तांदळाची पेज, वांग्याचं भरीत, लोणचं. जेवता जेवता तो सांगू लागला. कुठल्या वाफ्यात बी उगवलंच नाही, कुठे कीड पडली, पुढच्या वर्षी कलिंगड लावून बघायचंय. टेंपो आता पाठीला सोसत नाही, पन्नाशी उलटली, इथून पुढे किती वर्षं बसून गाडी हाकायची? हे सगळं त्याच्या डोक्यात होतं आणि मी मुलीला फोनवर सांगत होते की बाबांना हल्ली कशात रस नाही.

सोबत टेंपोतून ये म्हणाला. मी नाही गेले. गाडीत बाहेरचं माणूस बसवायचं नाही हा नियम मीच भिंतीवर टाईप करून लावला होता. चपलेला चिखल आणि हातात तांबड्या भाजीची जुडी घेऊन मी परत दोन बस बदलून घरी आले. राग गेला नव्हता, पण भाजी चांगली होती.

दुसऱ्या दिवशी शेठनी विचारायच्या आधी मीच त्यांच्या केबिनमध्ये गेले. "शेठ, तीन नंबरची गाडी जेवणाच्या वेळात थांबते. ते आपल्या आत्याच्या मळ्यात पाणी लावायला जातात. माल कधी राहिलेला नाही, तक्रार कधी आलेली नाही. हवं तर दुकानदारांना विचारा."

शेठ खुर्चीत मागे रेलले. मला वाटलं आता रागावतील. त्यांचा चेहरा उजळला होता. "म्हणजे यंत्र बरोबर सांगत होतं," ते म्हणाले.

नवऱ्याला संध्याकाळी बोलावलं. मीही तिथेच होते, दुसरीकडे जायला जागा नाही.

"जेवायला मी कोणाला नाही म्हणत नाही," शेठ म्हणाले. "पण गाडी रानात उभी राहिली तर मी काय समजायचं? माल चोरीला गेला तर?"

"आजवर गेलाय?"

"आजवर मी बघत नव्हतो."

"बघत नव्हता तेव्हाही गेला नाही," नवरा म्हणाला.

शेठनी नकाशावर हिरवे चौकोन काढले. एक पेडण्याच्या बाजारात, एक हसापूरच्या वाटेवर मोठ्या दुकानासमोर, एक गोदामात. ड्रायव्हरने जेवायला थांबायचं ते या चौकोनांतच. चौकोनाबाहेर तांबडं दिसलं की खुलासा लिहून द्यायचा. चौकोन बरोबर पडलेत की नाही ते तपासायचं काम पुन्हा माझ्याकडे आलं.

नवऱ्याने नियम पाळला. टेंपो हसापूरच्या वाटेवर, चौकोनाच्या बरोबर मध्ये लावायचा, कुलूप घालायचा, आणि दुकानदाराची स्कूटर मागून घेऊन इब्रामपूरला मळ्यात जायचा. पूर्वी जेवढा वेळ लागायचा त्याच्या दुप्पट आता लागू लागला. माझ्यासमोर ठिपका चौकोनात शहाण्यासारखा बसून असायचा. यंत्राचं काही म्हणणं नव्हतं. वाजायचं नाहीच ते. चौकोनात कितीही वेळ थांबलं तरी ते वाजू नये असं शेठनीच डबीवाल्याकडून करून घेतलं होतं, आणि माल मात्र आता आणखीच उशिरा पोचत होता.

हे मला ठाऊक होतं, कारण या वेळी त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी म्हटलं, "सांगू नका हो मला!" तो म्हणाला, "आता तूच ठरव, सांगू की नको ते." मी डोक्याला हात लावला.

शेवटी उशिराची तक्रार आली ती दुकानदारांकडून. शेठनी मला काही विचारलं नाही, नवऱ्यालाही नाही. त्यांनी त्याचा मार्ग बदलला. त्याला वास्कोची फेरी दिली. बंदराजवळच्या गोदामातून माल उचलून डिचोलीला आणायचा. ट्रकांच्या रांगेत तासन्‌तास पिवळा ठिपका. ते थांबणं शेठना चालायचं, कारण ते कामाचं थांबणं होतं.

मळ्याला पाणी लावायला आत्या एकटी. पंप चालू करायला तिला शेजाऱ्याला हाक मारावी लागायची, शेजारी कधी असायचा, कधी नसायचा. मुळे फोफसे झाले, मिरची वाळली. रविवारी तो जायचा आणि संध्याकाळी तोंड पाडून परत यायचा. असे काही रविवार झाल्यावर त्याने एके दिवशी टेंपोची किल्ली शेठच्या टेबलावर ठेवली.

"रागाने सोडून जाऊ नकोस," शेठ म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं असावं, माणूस जुना होता.

"रागाने नाही. पाणी लावायचंय," तो म्हणाला. बाहेर येऊन त्याने मामांना, बाकीच्यांना हात केला. माझ्या टेबलाजवळ क्षणभर थांबला. मी बिल छापत होते. "मी बसने जातो. स्कूटर तुला ठेवली," म्हणाला आणि गेला.

मी संतापले होते. त्याच्यावर, की ठरवताना मला विचारलं नाही. शेठवर, की एवढं चांगलं माणूस एका ठिपक्यापायी घालवलं. घरात दोन पगार होते ते एकावर आले, त्याचा विचार कोणी केला होता? मीच. पण खरं सांगायचं तर त्या रात्री तो जसा झोपला तसा मी त्याला फार दिवसांत झोपलेला पाहिला नव्हता. त्याचाही मला राग आला.

इब्रामपूरची फेरी नव्या ड्रायव्हरला दिली. तो सगळा गोवा फिरून दुपारी उशिरा पोचायचा, तोवर दुकानं जेवणासाठी बंद. तो हिरव्या चौकोनात बसून दुकानं उघडायची वाट बघायचा आणि अंधार पडायच्या आत परतायचं म्हणून अर्धा माल तसाच परत आणायचा. एकेक करून तिकडचे दुकानदार दोडामार्गहून माल घेऊ लागले. त्यांना तो सकाळी सकाळी मिळायचा. शेठनी एके दिवशी ती फेरीच बंद केली. मला म्हणाले, "त्या बाजूला धंदाच नाही हो वहिनी." त्यांना खरंच तसं वाटत होतं.

नवऱ्याचं बरं चाललंय. फार बरं नाही, बरं. आठवड्यातले बरेच दिवस तो आत्याकडेच असतो. शुक्रवारी पहाटे भाजीच्या टोपल्या घेऊन म्हापशाच्या बाजारात बसतो. फोन उचलत नाही. हातांना माती असते म्हणतो. जेवला की नाही, औषध घेतलं की नाही, बस मिळाली की नाही, काही कळत नाही. मी आत्याला फोन लावते. ती म्हणते, "मळ्यात आसा. खंय जातलो?"

मामा माझ्याशी पुन्हा बोलू लागले आहेत. नवरा गेल्यापासून. कदाचित आता मी त्यांच्यातलीच झाले असं त्यांना वाटत असेल. फोन लावला की स्वतःहून सांगतात, "गुरां. म्हशी पण हत."

आणि मागच्या महिन्यात शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. डबीवाल्याने आता मोबाईलसाठीही काढलंय म्हणाले. गाडी लागत नाही, डबी लागत नाही, माणसाच्या मोबाईलमध्ये घातलं की झालं. "तुम्ही बँकेत जाता, कुरियरला जाता. तुमच्या मोबाईलमध्ये घालून ठेवू. वाईट वाटून घेऊ नका हां वहिनी, सगळ्यांनाच आहे."

मी त्यांना विचारलं, "आणि मी थांबले की मला फोन कोण लावणार?"

शेठ विचारात पडले. हा प्रश्न त्यांना खरा वाटला. "मीच लावीन," म्हणाले.

मोबाईल मी त्यांच्या टेबलावर ठेवला. "घाला," म्हटलं. चेकची थैली उचलली आणि बँकेत निघाले. मोबाईल तिथेच राहिला, ते त्यांच्या लक्षात यायच्या आत मी आवाराबाहेर होते. बँकेत मुळीच गर्दी नव्हती. येताना बाजारातल्या हॉटेलात शिरले, पातळ भाजी आणि पाव मागवला, वर चहा घेतला. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे निवडणुकीवरून भांडत होते, ते संपेपर्यंत ऐकलं.

परत आले तर शेठ दारातच. हातात माझा मोबाईल. "एवढा वेळ? रांग होती?"

"रांग नव्हती. भाजीपाव खाल्ला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं, आणि तो माझ्या हातात दिला. त्यात काही घातलं होतं की नाही ते मी अजून पाहिलेलं नाही. मी जागेवर जाऊन बसले. नकाशावर मामा तांबडे झाले होते. टुंग वाजलं. केबिनमधून शेठचा आवाज आला, "वहिनी!"

"बघतेय," मी म्हटलं, आणि फोन लावला नाही. मामा आपणहून हिरवे होईपर्यंत बिलं करत राहिले.